अन्सेल्मोच्या कबरीसाठी वाळू

पिरियापोलिस
रविवार, १६ मे १९९३

ती. देलमिराताईंस,
नेलिदाचा सा. न. वि. वि.

खाली आता ते काळ्या वाळूवर आले आहेत. पांढऱ्या वाटून झाल्या, पिवळ्या झाल्या, तांबड्यांपाशी थोडी कुरबुर झाली आणि मिटली. चमच्याचा आवाज वर स्वयंपाकघरापर्यंत येतो. नळीत एकदा, पिशवीत एकदा. भांडी घासायचं निमित्त काढून मी वर आले आणि इस्त्रीच्या टेबलावर हे लिहायला बसले.

वाळू जमवणाऱ्यांच्या मंडळाची माणसं अन्सेल्मोचा संग्रह वाटून घ्यायला सकाळच्या बसने आली. बहुतेक मोंतेविदेओची, काही रोचाकडची, आणि थेट मार देल प्लाताहून पेर्ला सुनिनोबाई. प्रत्येकाने आपला चमचा, आपल्या पिशव्या, कोऱ्या चिठ्ठ्या घरून आणल्या आहेत. चिठ्ठीवर किनाऱ्याचं नाव, तारीख आणि वाळू उचलणाऱ्याचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्यायचं अशी त्यांची रीत आहे. त्यामुळे सकाळपासून त्या खोलीत सगळे एकच नाव लिहिताहेत, अन्सेल्मो बिदेगाइन. कोणी मोठ्याने बोलत नाही. एकाने टोपी काढून अन्सेल्मोच्या खुर्चीवर ठेवली होती. सचिव आरोसेनांनी ती उचलून त्याच्या हातात दिली.

मला सगळे मिठी मारतात. पेर्लाबाई मला धरून बराच वेळ रडल्या. मी रडत नाही हे पाहून म्हणाल्या, धक्का बसला की असंच होतं, रडू मागाहून येतं. मग पर्समधून घरी केलेली मेंब्रिल्यो फळाची गोड वडी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, खायचं मात्र सोडू नका.

ताई, तुम्ही म्हणाला होतात, हे पाप माझ्या नावावर मांड. पण मिठ्या मला मारताहेत.

तुमचा भाऊ, माझा अन्सेल्मो, लकवा होऊन आत्ता मोंतेविदेओच्या त्या शुश्रूषागृहात खिडकीशी पडून आहे. त्याला दुपारचं सूप भरवून झालं असेल. मी मंडळाला कळवलं की तो चौदा एप्रिलला गेला. डॉक्टर मार्चमध्येच म्हणाले होते, महिना, फार तर दोन. खालची खोली भाड्याने दिल्याशिवाय शुश्रूषागृहाचं भागत नाही, आणि खोलीत भिंतभर वाळूच्या काचेच्या नळ्या. मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. सभासद हयात असेल तर वाटणीच्या वेळी तो स्वतः समोर बसलेला हवा, त्याच्या डोळ्यांदेखत नळी उघडायची, नाहीतर हात लावायचा नाही. तो नियम अन्सेल्मोनेच भांडून करून घेतला होता. एका सभासदाच्या मुलांनी बाप इस्पितळात असताना त्याचा संग्रह परस्पर उचलून दिला, म्हणून.

तो समोर बसू शकत नाही. मला ओळखत नाही. मग उरलं काय, ते तुम्ही सुचवलंत आणि मी लिहिलं.

खालून हाक आली. संपलं वाटतं. कॉफी टाकायला हवी.

तुमचा लोभ आहे म्हणूनच हे तुम्हाला लिहिते, दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

तुमची,
नेलिदा

•

कोलोनिया
२४ मे १९९३

सौ. नेलिदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस बाजूला ठेवलं आणि मग पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

हे बघ. आमच्या मामांची शिंपल्यांची कपाटं आठवतात का तुला? तू तेव्हा आमच्या घरात नवीन होतीस. मामा गेले आणि नगरपालिकेच्या गाडीने सगळं उचलून नेलं. अन्सेल्मो त्या गाडीमागे धावला होता. त्याच्या वाळूचं तसं झालं नाही. जी माणसं त्या वाळूकडे बघताना श्वास धरतात, त्यांच्याच घरी ती गेली. तो उठून बसला असता तर यापेक्षा वेगळं काय करणार होता? जे महिन्याभरात खरं होणार आहे ते तू थोडं आधी लिहिलंस, इतकंच.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. लिहिलंय ते खोडत नाही, पण तू ते फार वेळा वाचू नकोस.

मी मोंतेविदेओला जाऊन आले नाही. येते येते म्हणते आणि येत नाही. इस्पितळाचा वास सोसत नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे माझा तो आडदांड भाऊ, ज्याने अख्खी नोकरी नदीतला गाळ उपसणाऱ्या बोटीवर काढली आणि घरी आल्यावर पुन्हा वाळूच चाळत बसला, त्याच्या तोंडाला कोणी रुमाल बांधून सूप भरवतंय हे मला बघायचं नाही. तू बघतेस. म्हणून तू माझ्यापेक्षा बरी आहेस, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

इकडे गारठा आहे. गुडघे बोलतात. शेजारचा पोपट माझं नाव घ्यायला शिकला आहे आणि ते तो कुरकुरत घेतो. कोणाकडून शिकला देव जाणे.

मेंब्रिल्योची वडी खाल्लीस का ते कळव. आणि तुझ्या या आगाऊ नणंदेवर माया असू दे.

देलमिरा

•

पिरियापोलिस
३ जुलै १९९३

ती. ताईंस,
नेलिदाचा नमस्कार वि. वि.

अन्सेल्मो बोलला.

परवा. नर्स सूप भरवत होती. त्याने चमचा जिभेने बाहेर ढकलला आणि सांगितलं की यात मीठ नाही. नर्सने मला फोन केला तेव्हा ती रडत होती आणि मीही. काल गेले तर मला बघून म्हणतो, केस कापलेस वाटतं, छान नाही दिसत. उजवा हात अजून मेलेलाच आहे, पण पाय हलतो. डॉक्टर मला खोलीबाहेर घेऊन म्हणाले, असंही होतं बरं का, क्वचित. जणू त्यांनीच काही चूक केली होती अशा आवाजात. चांगली प्रगती राहिली तर ऑगस्टमध्ये घरी न्या म्हणाले.

मी बसमध्ये सबंध रस्ता खिडकीला डोकं टेकून बसले होते. आनंद झाला, ताई, खोटं सांगत नाही. पण तो कुठेच टेकत नव्हता. मनात येई, मीठ नाही म्हणाला, आणि लगेच येई, आता घरी येईल. घर म्हटलं की खालची खोली. त्याला जिना चढवणार नाही, म्हणजे खाटही तिथेच टाकावी लागणार. भाडेकरू अजून मिळालेला नाही. तिथे आता नुसत्या फळ्या आहेत, आणि प्रत्येक नळीच्या जागी एक गोल डाग.

आणखी एक आहे. मंडळाची एक रीत तुमच्या कानावर असेल, मी ती विसरले होते. कोणी सभासद गेला की बाकीचे आपापल्या गावच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू त्याच्या कबरीसाठी पाठवतात. अन्सेल्मोने स्वतः किती जणांसाठी पाठवली असेल. चाळायची, उन्हात वाळवायची, पुडी बांधायची, आणि बांधताना रेडिओ बंद करायचा. मंडळाच्या पत्रिकेच्या मे महिन्याच्या अंकात त्याचं नाव काळ्या चौकटीत आलं. तेव्हापासून पुड्या येताहेत. चिलीहून आली, ब्राझीलहून आली, पोर्तुगालहून एक कापडी पिशवीत शिवलेली आली. आमचा पोस्टमन निकानोर प्रत्येक वेळी टोपी काढून देतो. मी त्याच्याकडे न बघता घेते आणि पलंगाखाली सारते. माणसं भली आहेत, ताई. चिठ्ठीत लिहितात, तुमच्या यजमानांनी मला पहिली वाळू पाठवली होती, तेव्हा मी शाळेत होतो. मी त्यांना काय पाठवलं?

सांगा, काय करू? तुम्ही एकदा सुचवलंत, आता पुन्हा सुचवा.

माया कमी होऊ देऊ नका. सध्या ती मला लागणार आहे.

नेलिदा

•

कोलोनिया
१० जुलै १९९३

सौ. नेलिदा हिस,
देलमिराचे आशीर्वाद, वि. वि.

मी रडले. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून मी दगड आहे असं तुला वाटणार नाही.

आता ऐक. त्याला सांग की खोलीला ओल धरली होती, होरासियोने सगळं आपल्या घरी नेलं. तुझा मुलगा काय, एरवीही कशाला नाही म्हणत नाही, यालाही म्हणणार नाही. त्या पुड्या एखाद्या सकाळी समुद्रावर नेऊन ओत. वाळूला तोंड नसतं. निकानोरला सांग की टपाल तुझ्याच हातात द्यायचं. वर्षभरात अन्सेल्मो जरा धडधाकट झाला की मग आपण दोघी मिळून सांगू. मी येईन तेव्हा. नक्की येईन.

वाटल्यास तोवर मंडळाला लिही की काळी चौकट चुकून पडली. नको, ते लिहू नकोस. मग वाटणीही चुकून झाली असं होईल आणि आरोसेना दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील. त्या माणसाला मी एकदाच भेटले आहे. तो चहात साखर घालतानासुद्धा कायदा बघतो.

अन्सेल्मोने माझ्याबद्दल विचारलं का? विचारलं नसेल तर लिहू नकोस.

केसांचं मनावर घेऊ नको, वाढतील. तुझी माझ्यावरची माया अजून शिल्लक आहे असं धरून चालते.

देलमिरा

•

पिरियापोलिस
२२ ऑगस्ट १९९३

ती. ताईंस नमस्कार.

त्याला कळलं.

तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं होतं. होरासियोने त्याला आणलं, खाली खाटेवर बसवलं. अन्सेल्मोने एकदा भिंतभर नजर फिरवली. मी ओलीचं सांगितलं. तो म्हणाला, होरासियो? त्याला कुंडीतलं निवडुंग जगवता आलं नाही. होरासियो खाली मान घालून बॅग उघडत राहिला. अन्सेल्मोने पुढे विचारलं नाही. मला वाटलं, थकला आहे. आता वाटतं, तो वाट बघत होता.

पुड्या मी समुद्रावर ओतल्या नाहीत. दोनदा पिशवी भरून दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यातल्या एकीवर लहान मुलाच्या अक्षरात चिठ्ठी होती. ओतवेना.

गुरुवारी मी पाव आणायला गेले होते. निकानोर मला शोधत बसला नाही, खिडकीतून अन्सेल्मो दिसला तेव्हा आधी घाबरला असेल, मग टपाल त्याच्याच हातात देऊन गेला. पुडी वाल्पाराइसोहून आलेली. वर लिहिलेलं, श्रीमती नेलिदा, कै. बिदेगाइन यांच्या पत्नी.

मी आले तेव्हा त्याने पुडी दातांनी आणि डाव्या हाताने सोडवून ताटलीत ओतली होती. भिंग काढलं होतं. मला बघून म्हणाला, चांगली आहे, दाणा गोल आहे, पाठवणाऱ्या बाईंनी नीट चाळली आहे. मग विचारलं, मी कधी गेलो?

चौदा एप्रिलला म्हटलं. वार कोणता होता? बुधवार. पाऊस होता? नव्हता. कशाने गेलो? मी म्हटलं, मी ते लिहिलं नव्हतं. म्हणाला, बरं केलंस, लोक उगाच तपशील विचारतात. वाटणीला कोण कोण होतं? मी नावं सांगितली. पेर्ला रडली का? रडली म्हटलं. तो हसला, म्हणाला, ती बंदराच्या उद्घाटनालाही रडली होती. तांबड्या कोणी घेतल्या? मी सांगितलं. मान हलवली. मला वाटलं, ताई, निभावलं. तो असा हसतो आहे म्हणजे निभावलं.

बाकीच्या पुड्या आण म्हणाला. मी पलंगाखालून काढून आणल्या. अंधार पडेपर्यंत एकेक चिठ्ठी वाचून तो त्या देशवार लावत होता. आरोसेनांनी अंकात लिहिलं आहे की बिदेगाइन अतिशय संयमी गृहस्थ होते. ते त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं.

मग भिंग पुसलं, खिशात ठेवलं आणि विचारलं, त्या बुधवारी तू मला भेटायला आली होतीस का?

मी दर बुधवारी जात होते. हो म्हटलं.

त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. आज चौथा दिवस. कशालाच मला हात लावू देत नाही. शर्टाची बटणं एका हाताने लावत बसतो, घाम येतो, तरी मी पुढे झाले की हात वर करून थांबवतो. माझ्याशी तुम्ही करून बोलतो. मीठ देता का. खिडकी लावता का. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुमच्यावर ढकललं नाही. सुचवणारं कोणी असलं तरी पत्र मीच लिहिलं.

या पत्राखाली लोभ मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही.

नेलिदा

•

कोलोनिया
२९ ऑगस्ट १९९३

चि. अन्सेल्मोस,
ताईचे आशीर्वाद.

मार्चपासून तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहिते आहे ती तुझ्या बायकोसाठी, असं तू म्हणशील आणि ते बरोबर आहे.

ते मी सुचवलं. तिने फोनवर विचारलं, नळ्यांचं काय करू, आणि मी एका क्षणात सांगितलं की लिहून टाक गेला म्हणून. ती म्हणाली, असं कसं लिहू? मी म्हटलं, लिही, माझा भाऊ आहे, मी सांगते. मी इथे स्टोव्हशी पाय शेकत बसले होते, अन्सेल्मो, आणि ती तुझ्या खाटेशी. मला ते बोलणं सोपं होतं.

तुला कोणावर रागवायचं असेल तर त्यासाठी मी आहे. तिला बटणं लावू दे.

गुडघे बरे असतील तर पुढच्या महिन्यात येते. आता असं लिहिलं की तुला हसू येईल. येऊ दे.

तुझी,
देलमिराताई

•

पिरियापोलिस
६ सप्टेंबर १९९३

ती. ताईस,
कै. अन्सेल्मोचा नमस्कार.

डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात.

वाळूचं म्हणशील तर मी रागावलो नाही. ती जायचीच होती. मी समोर असतो तर त्या पेर्लाला एवढी काळी मिळू दिली नसती, एवढाच फरक. मंडळाने नियम मोडला नाही, मेलेल्या माणसाची वाळू घेतली. त्यांनी पाठवलेली माझ्याकडे आहे. आपल्या कबरीची वाळू भिंगाखाली बघणारा मी पहिलाच सभासद असेन.

आता दुसरं. तो बुधवार मला आठवतो. मी काही ओळखत नव्हतो असं सगळे म्हणतात आणि मीही वाद घालत नाही. पण तो आठवतो. तिने निळा स्वेटर घातला होता. बोलत नव्हती. सूप हनुवटीवर ओघळलं ते तिने बोटाने पुसलं, रुमालाने नाही. मी त्या बोटाला धरून राहिलो बरेच दिवस. अंधारात खाली उतरताना कठडा धरतात तसं. मला आता एवढंच कळत नाही, की माझ्या मरणाचं पत्र तिने तेव्हा टाकलं होतं की टाकायचं होतं. उठून जाऊन टाकलं असेल तर एक. टाकून माझ्यासमोर येऊन बसली असेल तर दुसरं. मला हे तिला विचारता येत नाही. विचारायला तोंड उघडतो आणि खिडकी लावायला सांगतो.

तू विचार. तू सुचवलंस, तर एवढं काम कर.

आरोसेनाचं पत्र आलं आहे. अठरा तारखेला शनिवारी येतो म्हणतो, मंडळाच्या वतीने ला पालोमाची वाळू कबरीवर घालायला. कबर कुठे आहे ते त्याने विधवेला विचारलं आहे. पत्र मी उघडून वाचलं आणि तिच्या ताटाशी ठेवलं. बघू.

तू आली नाहीस त्याचं मला काही वाटलं नाही. तू निदान येऊन पत्र टाकलं नाहीस.

गुडघ्यांना जप. माझ्यावर माया असेल तर ती या जन्मातच पाठव, टपालाचा भरवसा नाही.

अन्सेल्मो

•

पिरियापोलिस
शनिवार, १८ सप्टेंबर १९९३

ती. ताईंस,
नेलिदाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि मागोमाग तारही. आरोसेनांना कोलोनियाला पाठव, बाबांच्या कबरीशी उभं करते, जेवायला घालते, बाकी मी बघते. तार वाचून मी या महिन्यात पहिल्यांदा हसले. तुम्ही ते निभावलंही असतं. पण मला आता कोणाला कुठे पाठवायचं नाही.

मी त्यांना घ्यायला बसथांब्यावर गेले. ते काळा कोट घालून उतरले, हातात ती पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. मिठी मारायला पुढे झाले तेव्हा मी मागे सरकले आणि उभ्या उभ्या सांगितलं. तो जिवंत आहे, घरी आहे, मी खोटं लिहिलं, खोटं आहे हे माहीत असताना तुम्हा सगळ्यांना बोलावलं आणि कॉफी पाजली. आरोसेना बाकावर बसले. पिशवी मांडीवर ठेवली. तिची गाठ चाचपत विचारलं, तो मातेच्या चहात अजून साखर घालत नाही ना? नाही म्हटलं. मग उठले. वाटेत मला म्हणाले, बाई, हे अंकात छापावं लागेल. मी म्हटलं, छापा.

अन्सेल्मो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. दाढी केली होती, एका हाताने, दोन ठिकाणी कापलेलं. आरोसेना फाटकात थांबले. अन्सेल्मो म्हणाला, ये, उशीर केलास, मला पुरून पाच महिने झाले. आणि हात पुढे करून पिशवी मागितली. माझ्या नावाने आणलीस ना, मग दे. आरोसेनांनी दिली. मग त्या माणसाने तोंड फिरवून कोटाच्या बाहीने डोळे पुसले, आणि अन्सेल्मो त्याला म्हणाला, तुझ्या या कोटाला किती वर्षं झाली रे, माझ्या लग्नात होता.

माते पीत दोघं दुपारभर बसले. आरोसेना सांगत होते की सगळ्यांना लिहितो, प्रत्येकजण परत देईल, निदान अर्धी. अन्सेल्मो नको म्हणाला. परत घेणार नाही. मी पुन्हा जाईन तेव्हा ही माणसं तीच वाळू घ्यायला पुन्हा बसभाडं भरून येणार का? फक्त अंकात लिही, की बिदेगाइन जिवंत आहे, त्याने संग्रह दिला आहे, आणि तो संयमी नाही. आरोसेना म्हणाले, नियमाप्रमाणे तू समोर हवा होतास. अन्सेल्मो म्हणाला, मग समज की मी वरच्या मजल्यावर झोपलो होतो.

त्याने माझी बाजू सावरली, ताई. माझ्याकडे न बघता सावरली. मी आत जाऊन मासे परतत बसले.

तुम्ही पत्रात एक प्रश्न विचारला आहे. तो तुमचा नाही हे मला वाचताच कळलं. तुम्हाला उत्तर लिहिण्याऐवजी मी ते त्यालाच दिलं. जेवण झालं, आरोसेना हात धुवायला उठले, तेव्हा दिलं. म्हटलं, पत्र आधी टाकलं. शुश्रूषागृहाच्या कोपऱ्यावर पेटी आहे, तिथे टाकलं आणि मग आत आले. बसमध्ये लिहिलं होतं. तारीख कुठली घालावी सुचेना, म्हणून त्या दिवशीचीच घातली. आधी टाकलं कारण तुझं तोंड बघितल्यावर माझ्याने टाकवलं नसतं. टाकून आत आले तर तू नेहमीसारखाच पडला होतास, आणि मी सूप मागवलं.

तो ऐकत होता. ताटलीतले काटे काट्याच्या टोकाने एका बाजूला सारत होता. मला वाटलं, काही म्हणेल. आरोसेना परत आले आणि तो त्यांच्याशी ला पालोमाच्या वाऱ्याबद्दल बोलायला लागला.

यापेक्षा जास्त माझ्याकडे सांगायला नाही. त्याला काय वाटलं ते मला कळत नाही, आणि विचारायचा हक्क नाही. आरोसेनांना माझी वरची खोली दिली आहे, मी स्वयंपाकघरात बाकावर निजते. हे पाकीट उद्या बंद करीन.

रविवार, सकाळी

उठले तेव्हा खालची खाट रिकामी होती. दोघं मला न उठवता समुद्रावर गेले होते. गच्चीतून दिसत होते. आरोसेना काळ्या कोटात आणि हा काठीवर, ओल्या वाळूच्या कडेने, फार हळू. पाव येईपर्यंत परतले. अन्सेल्मो ओट्यावर बसला. आरोसेना वर सामान घ्यायला गेले. मी दारात उभी होते. त्याने पाय पुढे केला. मी खाली बसून बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मग दुसरा. दोन्हींत वाळू होती. मी ती ओट्याखाली झटकली. तो बघत होता. मग मी मोजे काढले आणि पाणी तापवायला आत गेले.

आरोसेना दहाच्या बसने गेले.

नेलिदा